सापडल्या की नाही ते एकदाचं सांगा

जून २०२३ मधे बातमी आली तेव्हापासून हा प्रश्न मला कुठेही गाठतो, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमधे, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत. "काय गं, त्या गुरुत्वीय लहरी सापडल्या ना तुम्हाला? मग अजून 'पुरावे मिळालेत' असं गोल गोल काय बोलता?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. गुरुत्वीय लहरी म्हणजे प्रचंड वजनाच्या वस्तू एकमेकींभोवती फिरल्या की अवकाशातच उठणारे तरंग, त्यांनी अंतरं किंचित ताणली-आखडली जातात.

मी पल्सरच्या डेटावर काम करते, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत तिथला डेटा. पल्सर म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा, आमच्या कामाचे सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि प्रत्येक गिरकीला रेडिओचा एक ठोका. ठोका कधी यायला हवा ते आधी काढून ठेवायचं, प्रत्यक्ष कधी आला ते मोजायचं, आणि दोन्हीतला फरक वर्षानुवर्षं बघत बसायचं. प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे उठलेली लहर पल्सर आणि आपल्या मधून गेली तर हा फरक हळूहळू मागेपुढे होतो, पण किती, तर शंभरेक नॅनोसेकंद, आणि एक हेलकावा पुरा व्हायला काही वर्षं!

आता गोची अशी की असा फरक पडायला इतर कारणं ढीगभर आहेत. वाटेत इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीचे ठोके उशिरा पोचतात आणि हा उशीरही स्थिर नाही, सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यानेसुद्धा बदलतो. जीएमआरटी ३०० ते ५०० मेगाहर्ट्झला बघते तिथे तो ठळक दिसतो आणि नीट मोजून वजा करता येतो, म्हणूनच तर पल्सरचंच काम करणाऱ्या युरोपवाल्यांच्या डेटाला आमचा जोडला. बरं पल्सर तरी शहाणा असावा ना, एप्रिल २०२१ मधे जे१७१३+०७४७ या सगळ्यांच्या लाडक्या, अतिशय नियमित पल्सरच्या ठोक्याचा आकारच अचानक बदलला, खोडदलाही ते दिसलं. वर्गातला पहिला नंबरवालाच एके दिवशी दांडी मारतो तसं.

आणि ताकही फुंकून का पितो त्याला इतिहास आहे. १९९१ मधे अँड्र्यू लाइन हे खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पल्सरभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर केलं, सहा महिन्यांत फेरी मारणारा. सहा महिने ऐकूनच कान टवकारायला हवे होते कारण ते आपल्याच पृथ्वीच्या वर्षाचं निम्मं! हिशेबात पृथ्वीच्या कक्षेची दुरुस्ती पुरेशी नेमकी झाली नव्हती. जानेवारी १९९२ मधे लाइननी अमेरिकेत भर परिषदेत उभं राहून दावा मागे घेतला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. गंमत म्हणजे त्याच परिषदेत वोल्श्टान या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी दुसऱ्या पल्सरभोवतीचे ग्रह मांडले, ते खरे निघाले आणि आजही खरेच आहेत.

मग आम्ही विश्वास ठेवतो कशावर? इथे थिअरीवाले कामाला येतात. १९८३ मधे हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी कागदावर काढून ठेवलं होतं की लहरी खऱ्या असतील तर आकाशात जवळजवळ असलेले दोन पल्सर साधारण एकत्र मागेपुढे होतील, काटकोनात असलेले एकमेकांच्या उलट, आणि अगदी समोरासमोरचे पुन्हा थोडे जुळतील. पृथ्वीवरचं घड्याळ चुकलं तर सगळे एकसारखे सरकतील, पृथ्वीची जागा चुकली तर वेगळाच साचा येईल, म्हणजे हा विशिष्ट वळणाचा ग्राफ चुकून उमटणं अवघड. आमचे आणि युरोपचे मिळून २५ पल्सर, म्हणजे ३०० जोड्या, जवळपास २५ वर्षांचा डेटा, आणि ग्राफ त्या वळणावर जातोय असं दिसलं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीनवाल्यांनीही त्याच सुमाराला तसंच काहीसं जाहीर केलं. पण खात्री ३-४ सिग्माच्या आसपास (सिग्मा हे खात्रीचं माप, जितके जास्त तितका योगायोग कमी), आणि आमच्याकडे ५ सिग्माशिवाय शोध लागला म्हणत नाहीत, ५ सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक.

माझं स्वतःचं मत विचाराल तर लहरी आहेत. पैज लावायची तर पगार लावीन, पेपरमधे मात्र 'पुरावे मिळालेत' असंच लिहीन. आता सगळ्या देशांचा डेटा एकत्र करायचं काम चाललंय, प्रत्येकाची दुर्बीण वेगळी, दुरुस्त्या वेगळ्या, त्यामुळे भांडणंही भरपूर.