पदवी घेऊन आखाड्यात: कोकुगिकानमधला एक दिवस

सुमो पैलवान म्हटला की पंधराव्या वर्षी शाळा सोडून तालमीत भरती झालेला पोरगा, अशीच आपली समजूत असते. बऱ्याच अंशी ती खरीही आहे. पण २५ मे २०२५ ला मी टोकियोच्या कोकुगिकान या सुमो सभागृहात ज्याच्यासाठी गेले होते, तो विद्यापीठाची चार वर्षं पुरी करून मग या धंद्यात उतरला होता. ओनोसातो. वय २४, उंची १९२ सेंटिमीटर, निप्पोन स्पोर्ट सायन्स विद्यापीठाचा पदवीधर. व्यावसायिक सुमोत येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि योकोझुना हा सर्वोच्च किताब आता त्याच्या हाताशी आला होता.

ऱ्योगोकू स्टेशनातून बाहेर पडलं की पैलवानांच्या नावांचे उभे रंगीत झेंडे दिसायला लागतात. वाऱ्यावर फडफडणाऱ्या त्या झेंड्यांखालून खालच्या श्रेणीतले पैलवान आपापली पिशवी घेऊन चालत येतात. पायात लाकडी गेता, अंगात सुती युकाता. एक जण अगदी शेजारून गेला, तर त्याच्या केसांतल्या तेलाचा गोडसर वास मागे दरवळत राहिला. बिन्त्सुके नावाचं हे घट्ट तेल लावूनच त्यांची शेंडी बांधतात. बड्या पैलवानांच्या गाड्या दुपारी येतात आणि तेव्हा दाराशी गर्दी उसळते. मला मात्र सकाळचे हे चालत येणारे पैलवान जास्त बघावेसे वाटत होते.

आत सुमारे अकरा हजारांची जागा, आणि सकाळी त्यातल्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या. मधोमध मातीचा चौथरा, त्यावर साडेचार मीटर व्यासाचं वर्तुळ, वर देवळासारखं टांगलेलं छप्पर. मी सांगलीकडची, कुस्तीची मैदानं बघत वाढलेली. तरी इथल्या लढतींचा वेग पाहून थक्क झाले. दहा सेकंदांत सगळं आटपतं. तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला किंवा वर्तुळाबाहेर पाऊल पडलं, की संपलं.

सकाळी जे लढतात त्यांना पगार नसतो. सुमोत सहा श्रेणी आहेत आणि एकूण सहाशेच्या आसपास पैलवान. त्यातल्या वरच्या दोन श्रेणींतल्या ७० जणांनाच महिन्याचा पगार मिळतो. मकुउची ही सर्वांत वरची श्रेणी, तिच्याखाली जुऱ्यो. जुऱ्योत पोचलं की (२०२५ मध्ये) महिना अकरा लाख येन सुरू. त्याच्या एकच पायरी खाली, माकुशिता श्रेणीत, राहणं-जेवण तालमीचं आणि स्पर्धेपुरता भत्ता. फरक नुसता पैशाचाही नाही. वरच्यांची मावाशी, म्हणजे कमरेला बांधायचा जाड लंगोट, रंगीत रेशमाची, आणि तिच्या पुढे लोंबणाऱ्या दोऱ्या समुद्री शेवाळाच्या खळीने काडीसारख्या ताठ केलेल्या. खालच्यांची मावाशी काळ्या सुती कापडाची, धुरकट झालेली, दोऱ्या लुळ्या. तालमीत स्वयंपाक, झाडलोट, बड्या पैलवानांचे कपडे धुणं हे सगळं खालच्यांकडेच.

विद्यापीठातून येणाऱ्यांचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो. विद्यार्थी स्पर्धांत मोठं यश मिळवलेल्याला तळापासून सुरुवात करावी लागत नाही. त्याला थेट मधल्या पायरीवर घेतात. ओनोसातो २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं हौशी गटाचा योकोझुना, म्हणजे हौशी पैलवानांचा राष्ट्रीय विजेता होता, म्हणून मे २०२३ मध्ये तो एकदम माकुशिताच्या दहाव्या क्रमांकावरून सुरू झाला. पंधराव्या वर्षी आलेल्या मुलाला तिथवर पोचायला कित्येक वर्षं लागतात. अनेक जण पोचतच नाहीत. २०२३ मध्येच जपानच्या सुमो संघटनेने हा नियम बदलला आणि ही सवलत माकुशिताच्या तळापर्यंत खाली आणली. मला हा बदल योग्य वाटतो. विद्यापीठातल्या मेहनतीची कदर व्हायलाच हवी, पण सात-आठ वर्षं तालमीत राबलेल्या मुलाच्या डोक्यावरून दुसऱ्याला थेट पगाराच्या दारात नेऊन ठेवणं जड जातं.

मात्र विद्यापीठाची वाट सोपी आहे, असं कुणी म्हणू नये. निहोन विद्यापीठाच्या सुमो क्लबची मुलं वसतिगृहात एकत्र राहतात, एकत्र सराव करतात, ज्येष्ठांचा मान राखतात. तालमीची शिस्त त्यांच्या अंगात आधीच मुरलेली असते. ताकेरुफुजी याच विद्यापीठाचा. त्याला कुठली सवलत मिळाली नाही, २०२२ मध्ये तो अगदी तळापासून सुरू झाला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च श्रेणीतल्या पहिल्याच स्पर्धेत तो विजेता ठरला. असं ११० वर्षांत घडलं नव्हतं. पंधरा दिवसांच्या त्या स्पर्धेत चौदाव्या दिवशी घोटा दुखावला असतानाही तो शेवटच्या दिवशी मातीत उतरला आणि जिंकला. जिन्कगो झाडाच्या पानाच्या आकाराचा मानाचा केशबंध बांधण्याइतके केससुद्धा तेव्हा त्याचे वाढले नव्हते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते. गळ्यात ओनोसातोच्या नावाचा टॉवेल. फोनमधल्या भाषांतराच्या आधाराने आमच्या गप्पा जमल्या. ते इशिकावा प्रांतातले, म्हणजे ओनोसातोच्याच भागातले, आणि त्यांना बोलायचं होतं ते वाजिमाबद्दल! वाजिमा हिरोशी हा विद्यापीठातून येऊन योकोझुना झालेला पहिला पैलवान. तोही इशिकावाचा, नानाओ गावचा. निहोन विद्यापीठाचं शिक्षण, १९७० मध्ये पदार्पण, १९७३ मध्ये ५४वा योकोझुना. बहुतेक बडे पैलवान आखाड्यातलं वेगळं नाव घेत असताना याने स्वतःचं आडनावच ठेवलं. एकूण १४ स्पर्धा जिंकल्या. आजोबांनी डावा हात वर करून मुठीने हवेत मावाशी पकडून दाखवली. ‘सोन्याचा डावा हात’ म्हणायचे वाजिमाला. २०१८ मध्ये तो गेला. त्याच्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ विद्यापीठाची पदवी घेऊन आलेला एकही जण योकोझुना झाला नव्हता. त्या दुपारपर्यंत तरी.

म्हणजे चांगले पदवीधर पैलवान आले नाहीत असं नाही. ओझेकीपर्यंत, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या मानापर्यंत, बरेच गेले. युताकायामा हा विद्यापीठातून आलेला पहिला ओझेकी, १९६३ चा. तो पुढे संघटनेचा अध्यक्ष झाला. अलीकडचे मिताकेउमी, शोदाई, असानोयामा. असानोयामाची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. किन्की विद्यापीठाचा हा पैलवान २०१९ मध्ये स्पर्धा जिंकला, पुढे ओझेकी झाला. मग कोविडचे नियम मोडल्याबद्दल सहा स्पर्धांची बंदी आली आणि तो थेट चौथ्या श्रेणीत घसरला. पगार गेला. तिथून झुंजत वर आला, तर २०२४ मध्ये गुडघा गेला आणि पुन्हा तेवढीच घसरण. पदवी हातात असलेल्या माणसाला दुसरी नोकरी सहज मिळाली असती. पण तो पुन्हा काळी मावाशी बांधून बिनपगारी पोरांच्या रांगेत उभा राहिला. पदवीधर पैलवान सुखवस्तू असतात, त्यांना भूक नसते, असं म्हणणाऱ्यांनी हा माणूस बघावा.

शिक्षणाचा ओघ आता उलट दिशेनेही वाहतो आहे. ओनोसातोचे गुरू म्हणजे माजी योकोझुना किसेनोसातो. ते स्वतः शाळेतून थेट तालमीत आलेले. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी वासेदा विद्यापीठात क्रीडाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. सुमोची तालीम कशी चालवावी, हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. मग इबाराकी प्रांतात आमी इथे त्यांनी तालीम उभी केली, तीही दोन आखाड्यांची. बहुतेक तालमींत आखाडा एकच असतो, त्यामुळे एक जोडी लढते आणि बाकीचे बघत उभे राहतात. दोन असले की सराव दुप्पट होतो. अशा ठिकाणी ओनोसातो घडला. मे २०२४ मध्ये, पदार्पणापासूनच्या सातव्याच स्पर्धेत त्याने पहिलं विजेतेपद पटकावलं.

दुपारनंतर सभागृह खच्चून भरलं. ओनोसातोने ही स्पर्धा तेराव्या दिवशीच खिशात घातली होती, त्यामुळे करंडक ठरलेला होता. प्रश्न होता तो पंधराच्या पंधरा लढती जिंकण्याचा. समोर होशोऱ्यू, मंगोलियाहून शाळकरी वयात जपानला आलेला, त्याच वर्षी जानेवारीत योकोझुना झालेला. उद्घोषकाने नाव पुकारलं तेव्हा ओनोसातोचा प्रांत, गाव आणि तालीम सांगितली. विद्यापीठाचं नाव त्यात नसतंच. मीठ फेकून झालं, दोघं बसले, उठले, पुन्हा बसले. आणि मग ती धडक, वरच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू आली. ओनोसातो पुढे रेटत होता. होशोऱ्यूने बाहेरून मावाशीवर पकड घेतली आणि अंग पिळून त्याला खाली आणलं. हरला! आजोबांनी कपाळावर हात मारला, आणि पुढच्याच क्षणी ते टाळ्या वाजवायला लागले. १४ विजय, एक पराभव. थोड्या वेळाने त्याच मातीवर, सम्राटांच्या नावाचा भलामोठा चांदीचा करंडक ओनोसातोने छातीशी धरला, तेव्हा आजोबा टॉवेलने डोळे पुसत होते. २०२४ च्या एक जानेवारीला भूकंपाने इशिकावाचं जे झालं, ते आठवलं असणार.

तीन दिवसांनी, २८ मे ला, तो ७५वा योकोझुना म्हणून जाहीर झाला. पदार्पणापासून अवघ्या १३ स्पर्धांत. वाजिमाला २१ लागल्या होत्या.

कुणी जाणार असाल तर: टोकियोत जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशा तीन स्पर्धा होतात. तिकिटं साधारण महिनाभर आधी संघटनेच्या संकेतस्थळावर निघतात आणि बघता बघता संपतात, त्यामुळे तारीख नोंदवून ठेवा. खालच्या चौकटींत मांडी घालून दिवसभर बसणं गुडघ्यांना झेपणार नसेल, तर वरच्या मजल्यावरची खुर्ची घ्या, दिसतं छान. तळघरात चांको नावाचा पैलवानी रस्सा मिळतो, पण त्यात कोंबडी किंवा मासे असतातच, शाकाहारी असाल तर डबा सोबत ठेवा. आणि दुपारी तीनला पोचू नका. माकुशिताच्या वरच्या क्रमांकांच्या लढती त्याच्या आधीच होतात. विद्यापीठातून आलेले आणि पंधराव्या वर्षी आलेले तिथे एकमेकांसमोर येतात, आणि जिंकेल त्याचा पगार सुरू होऊ शकतो.