पोटफोड्या ष आणि डुकराचं पिल्लू

पोलंडमध्ये आल्यावर पहिले तीन महिने मी आमच्या गल्लीतल्या बेकरीत रोज सकाळी डुकराचं पिल्लू मागत होते. हवा असायचा अर्धा पाव. त्याला पोलिशमध्ये ‘पुव ह्लेबा’ म्हणतात आणि पुढे ‘प्रोषे’ जोडायचं, म्हणजे ‘कृपया’. मी म्हणायचे ‘प्रोशे’. प्रोशे म्हणजे डुकराचं पिल्लू. काउंटरवरच्या बाई हसून पाव द्यायच्या आणि मी घरी आईला फोनवर सांगायचे, इथले लोक फार प्रेमळ आहेत गं.

बिंग फोडलं ते फोननेच. भाषांतराच्या ॲपमधलं स्पीकरचं चिन्ह दाबलं की पोलिश उच्चार ऐकू येतो, पुन्हा दाबलं तर सावकाश. मी आल्यापासून तेच ऐकत होते. पण माझ्या कानाला जिथे फरकच कळत नव्हता, तिथे शंभरदा ऐकून काय होणार? एका रविवारी सहज उलटं करून पाहिलं. माइक दाबून मीच ‘प्रोषे’ म्हणाले आणि मराठीत काय उमटतं ते बघत बसले. उमटलं पिल्लू. पाच वेळा म्हटलं, चारदा पिल्लू.

मग आठवला शाळेतला पोटफोड्या ष. जीभ वर वळवून टाळूकडे न्या, असं बाई सांगायच्या आणि आम्ही सगळे श म्हणून मोकळे व्हायचो. इथे ती सूट नाही. ‘काषा’ म्हणजे शिजवलेल्या भरडधान्याचा पदार्थ आणि ‘काशा’ म्हणजे काताझिनाचं लाडाचं नाव. सहा म्हणायचं तर ‘षेश्च’: आधी ष, मग श, लगेच च. हा शब्द आपल्या ‘षष्ठी’च्या नात्यातलाच, दोन्ही एकाच मुळातून आलेले. नातेवाईक म्हणून काही सवलत मात्र मिळाली नाही.

काही गोष्टी आपल्याला आयत्या मिळतात, हेही सांगते. मी राहते त्या शहराचं नाव इंग्रजी स्पेलिंगवरून आपण ‘व्रोक्लॉ’ वाचतो. खरं आहे ‘व्रोत्स्वाफ’. त्यातला त्स म्हणजे ‘चमचा’ शब्दातला पहिला च, ‘चहा’तला नव्हे. ऑफिसातल्या हिंदीभाषक मित्राला तो घोटवावा लागला, मला घरूनच येत होता. शेवटी लिहिलेला व बोलताना फ होतो, तसाच शेवटचा ब होतो प. नुसता पाव ‘ह्लेप’, पण अर्धा ‘ह्लेबा’, कारण पुढे स्वर आला. अनुस्वार तर थेट आपल्यासारखा, पुढचं अक्षर पाहून रंग बदलणारा. हाताला ‘रेंका’, तिथे ङ. दाताला ‘झोंप’, तिथे म. दात दुखला की हा शब्द विसरणं शक्य नाही.

माइकबद्दल एक अनुभवाची गोष्ट. त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलू नका. पूर्ण वाक्य ऐकलं की यंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं, तुमचं चुकलेलं दुरुस्त करून दाखवतं आणि आपल्याला वाटतं जमलं! बेकरीतल्या बाईही तेच करत होत्या; सकाळी आठ वाजता पिल्लू कोण मागणार? सुटा शब्द बोला. तिथे कोणी सांभाळून घेत नाही. ‘त्षी’ म्हणजे तीन आणि ‘ची’ म्हणजे ‘का’, ही जोडी मला अजून रोज पाडते. (ती ईसुद्धा धड ई नाही, जीभ जरा मागे ओढून म्हणायची.)

आणि भाषांतरावर डोळे मिटून विसंबू नका. मी ‘मी दमले’ लिहिलं, त्याने मला ‘झ्मेन्चोनी’ केलं, म्हणजे दमलेला पुरुष. शेजारच्या आजींनी ‘झ्मेन्चोना’ म्हणून दुरुस्त केलं, आणि मग चहालाही बसवलं.

गेल्या शनिवारी बेकरीत रांगेत उभी राहून मनातल्या मनात जीभ वळवत होते. नंबर आला. ‘षेश्च बुवेक, प्रोषे.’ बाईंनी मान वर न करता सहा छोटे पाव पिशवीत भरले. घरात आम्ही दोघंच, पण तो शब्द म्हणायचाच होता. रात्री पावभाजी केली.