कमी बजेटचे गेमिंग इअरबड्स रोज वापरताना

गेमिंगच्या नावाने विकले जाणारे स्वस्त वायरलेस इअरबड्स घेताना मला एकच गोष्ट तपासायची होती: ट्रिगर दाबला की आवाज त्याच क्षणी कानात येतो का? खोक्यावर 40 मिलिसेकंद लेटन्सी (म्हणजे आवाज कानात यायला होणारा उशीर) असं ठळक छापलेलं होतं. खरोखर तेवढीच असेल तर खेळताना ती जाणवणारही नाही.

पहिल्या दिवशी व्हिडिओ लावला तेव्हा ओठ आणि आवाज अगदी जुळलेले दिसले. पण व्हिडिओवरून काहीच सिद्ध होत नाही. पुढचं चित्र प्लेअरकडे आधीच तयार असतं, त्यामुळे आवाजाला जितका उशीर होणार तितकंच तो चित्रही थांबवून दाखवतो. गेमला ही सोय नाही, कारण मी पुढच्या क्षणी काय करणार हे त्याला माहीतच नसतं. शूटर गेम उघडल्याबरोबर फरक कळला. बोट आधी, आवाज मागाहून.

मग मोजून बघायचं ठरवलं. इअरबड दुसऱ्या फोनच्या माइकला चिकटवून ठेवला आणि त्या फोनवर 60 फ्रेमने गेमचं चित्रीकरण केलं. एडिटिंग अ‍ॅपमध्ये बंदुकीच्या तोंडाशी चमक दिसते ती फ्रेम शोधायची आणि आवाजाची रेघ उसळते तिथपर्यंत फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे जवळपास 17 मिलिसेकंद. आधी फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर हेच करून घ्यायचं आणि तेवढा उशीर वजा करायचा, नाहीतर फोनचा दोष इअरबड्सच्या माथी बसतो. साध्या मोडमध्ये दहा-बारा फ्रेमचा फरक आला, म्हणजे 200 मिलिसेकंदांच्या आसपास. गेम मोड, म्हणजे हा उशीर कमी करणारी इअरबड्सची सेटिंग, लावल्यावर तो पाच-सहा फ्रेमवर उतरला. 40 काही दिसले नाहीत, पण निम्म्याने कमी झाले हेही खरं, आणि खेळताना ते स्पष्ट जाणवतं.

मात्र हा वेग फुकट मिळत नाही. आवाज तुटू नये म्हणून इअरबड्स थोडा आवाज आधीच साठवून ठेवतात आणि गेम मोड हा साठाच लहान करतो. घरात एका जागी बसून खेळताना काही अडत नाही. गर्दीच्या ठिकाणी, जिथे प्रत्येकाच्या कानात ब्लूटूथ आहे, तिथे गेम मोड चालू ठेवला की आवाज मध्येच तुटतो. फोन मागच्या खिशात असला तर आणखीच, कारण ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी आपलं शरीर बऱ्यापैकी शोषून घेतं. म्हणून माझा नियम सरळ आहे: गेम मोड फक्त खेळताना, चालता-फिरताना बंद. घरातला वाय-फाय 5 गिगाहर्ट्झवर नेल्यानेही फायदा झाला, कारण 2.4 वरची गर्दी तेवढी कमी झाली.

खरी निराशा माइकने केली, आणि याबद्दल खोक्यावर अक्षरही नसतं. टीममध्ये बोलायला माइक चालू केला की गेमचा सगळा आवाज जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा चपटा होतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये उत्तम स्टिरिओ आवाज एकाच दिशेने जातो. माइक लागला की जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते, आणि तिथे आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकसारखा असतो. डावीकडून पावलं आली की उजवीकडून, हेच कळेनासं होतं. नेमकं ज्यासाठी गेमिंग इअरबड्स घेतले तेच हातचं जातं. संगणकावर खेळताना सेटिंगमध्ये इनपुट म्हणून संगणकाचाच माइक निवडला, की इअरबड्स पुन्हा स्टिरिओत येतात. फोनवर हे प्रत्येक गेममध्ये जमत नाही. सतत टीमशी बोलत खेळणाऱ्यांनी ब्लूटूथऐवजी 2.4 गिगाहर्ट्झचा स्वतंत्र डोंगल (फोनला किंवा संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) असलेली जोडीच बघावी, असं माझं ठाम मत झालं आहे. पण डोंगलवर माइकसकट स्टिरिओ मिळतो का, हे घेण्याआधी नक्की विचारावं.

बेसबद्दलही सांगायला हवं. या वर्गातल्या बहुतेक जोड्यांसारखा माझ्या जोडीतही बेस इतका चढवलेला होता की स्फोटाखाली पावलं बुडून जायची. अ‍ॅपमधल्या इक्वलायझरमध्ये खालच्या पट्ट्या उतरवल्या, वरच्या किंचित चढवल्या, आणि पावलं मोकळी ऐकू येऊ लागली. त्याआधी रबरी टिप्स बदलून बघा. टिप कानात नीट बसली नसेल तर इक्वलायझरशी कितीही खेळलात तरी उपयोग नाही. माझ्या दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाच्या टिप्स लागल्या.

केसवरचे रंगीत दिवे मी लगेच बंद केले, चार्जिंग खाण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग नाही. टच कंट्रोल मात्र गेममध्ये त्रास देतो: बड नीट बसवायला बोट लावावं तर आवाजच थांबतो. अ‍ॅपमधून एका टॅपची आज्ञा काढून टाकल्यावर सुटका झाली.

पॉडकास्ट, कॉल, संथ गतीचे गेम आणि एकट्याने खेळायचे शूटर यांसाठी ही जोडी मी रोज वापरतो आणि समाधानी आहे. तालावर चालणाऱ्या गेममध्ये ऑडिओ कॅलिब्रेशन, म्हणजे आवाजाचा उशीर गेमला कळवणारी जुळणी, करून घेतलं की तेही निभावतं, कारण तिथे पुढचा ठोका कधी येणार हे गेमला आधीच ठाऊक असतं. चुरशीच्या सामन्याला मात्र मी अजूनही वायरवालेच इअरफोन लावतो.