सरकारी लोकांसाठी सीटीएफ: चॅलेंज बनतात हो, माणसं बसवायची कशी?

सायबर सिक्युरिटीची स्पर्धा घेते म्हटलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. चॅलेंज कोण बनवतं, किती अवघड असतात, खरंच हॅकिंग करायला देता का वगैरे. बाहेरून तेच दिसतं त्यामुळे ठीक आहे, पण कॉलेजच्या पोरांसाठी अशी स्पर्धा, म्हणजे सीटीएफ, घेणं आणि सरकारी नोकरीतल्या माणसांसाठी घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि त्यातला अर्ध्याहून जास्त फरक चॅलेंजमध्ये नसतोच. पोरं रात्रभर जागतात, शेवटून तिसरी आली तरी टी-शर्ट घेऊन हसत जातात. इथे समोरचा माणूस कित्येक वर्षं सर्व्हर सांभाळतोय, ऑफिसात काही अडलं की सगळे त्याच्याकडे धावतात, आणि आपण त्याला म्हणतोय की या, सगळ्यांसमोर बोर्डावर तुमचं नाव लावतो आणि किती मार्क पडतात ते बघू. कोण येईल सांगा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सीटीएफ म्हणजे कॅप्चर द फ्लॅग. चॅलेंज म्हणजे एकेक कोडं, त्यात कुठल्यातरी मशीनमध्ये किंवा फाइलमध्ये एक ओळ लपवलेली असते, तिला फ्लॅग म्हणतात, ती शोधून सबमिट केली की पॉइंट्स. डेफकॉन या अमेरिकेतल्या हॅकर संमेलनात १९९६ पासून हा खेळ चालू आहे, आता जगभर शेकडो होतात.

तर भीती हरण्याची नसते, आपण खाली आहोत हे साहेबाला कळण्याची असते. म्हणून स्कोअरबोर्डवर टोपणनावं, आणि सगळ्यांना दिसतात ते फक्त वरचे दहा, बाकीच्यांना आपापला नंबर आपल्यापुरता. कोणाचाही निकाल त्याच्या वरिष्ठांकडे जाणार नाही, हे निमंत्रणाच्या पहिल्या परिच्छेदात लिहायचं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नाही. आणि मग ते पाळायचं, कारण फोन येतोच, "आमच्याकडचे किती जण आले, कोण कितवं आलं, जरा लिस्ट पाठवा ना." अजिबात पाठवायची नाही. एकदा पाठवली की पुढच्या वेळी त्या ऑफिसातून फक्त तेच येतात ज्यांना नंबर येणार याची खात्री आहे आणि मग स्पर्धा घ्यायची तरी कशाला?

अमेरिकेत प्रेसिडेंट्स कप नावाची अशीच स्पर्धा आहे. मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा एक आदेश निघाला, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर १३८७०, त्यातून ती सुरू झाली. सिसा ही त्यांची सायबर एजन्सी ती चालवते, केंद्र सरकारचे कर्मचारी आणि सैन्यदलातले लोक खेळतात, एकेकटे पण आणि टीम करून पण. मला त्यातल्या दोन गोष्टी फार पटल्या. एक म्हणजे चॅलेंज कामाच्या भूमिकांवरून ठरवतात, त्यांच्याकडे नाइस फ्रेमवर्क म्हणून सायबर कामांची मोठी यादी आहे, कोणत्या कामाला काय यायला हवं अशी, तिच्यावरून. आणि दुसरी, स्पर्धा झाली की चॅलेंज गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅम वगैरे ठेवायच्या वेबसाइटवर, सगळ्यांसाठी टाकून देतात. तुम्ही स्वतः काही घेणार असाल तर कोऱ्या पानापासून सुरू करू नका, आधी ते चाळा.

आता ऑफिसचं मशीन. ही वेगळीच डोकेदुखी. तुम्ही मस्त नेटवर्क कॅप्चरची, म्हणजे नेटवर्कवरून गेलेल्या डेटाच्या नोंदीची फाइल देता आणि म्हणता वायरशार्क या ती वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, पण त्या माणसाच्या मशीनवर त्याला साधा फॉन्ट टाकायची परवानगी नाहीये. व्हीपीएन, म्हणजे आपल्या नेटवर्कला बाहेरून जोडायचा खाजगी मार्ग, द्या म्हणाल तर ते ब्लॉक. आणि त्यांनी ब्लॉक केलंय ते बरोबरच केलंय की, आपणच एरवी त्यांना तेच शिकवत असतो! त्यामुळे सगळं ब्राउझरमधून, व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर चालणारा आभासी कॉम्प्युटर) आपल्या बाजूला, टूल्स आत आधीच टाकलेली, आणि ते नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटपासून पूर्ण तोडलेलं, कारण आत मुद्दाम भोकं ठेवलेली मशीन असतात. ब्राउझरमधल्या मशीनमधून बाहेर कॉपी-पेस्ट बऱ्याचदा चालत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. उत्तर म्हणून कोणी शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा ठसा असलेला लांबलचक कोड, मागितला तर चौसष्ट अक्षरं हाताने टाइप करायची, त्यात एक चुकलं की सिस्टिम म्हणणार उत्तर चूक. फ्लॅग छोटा ठेवा हो, आणि पुढेमागे स्पेस आली किंवा कॅपिटल-स्मॉलचा घोळ झाला तरी स्वीकारा, आपण काही टायपिंगची परीक्षा घेत नाहीये.

चॅलेंज बनवताना मला सगळ्यात मजा येते ती लॉगची, म्हणजे मशीनवर काय काय घडलं त्याच्या नोंदींची. समजा विंडोजचा सिक्युरिटी लॉग दिला. त्यात प्रत्येक घटनेला ठरलेला नंबर असतो. आधी ४६२५ चा पाऊस, म्हणजे लॉगिन फेल, फेल, फेल, मग मध्येच एक ४६२४, लॉगिन झालं, टाइप १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉपने कोणीतरी आत आलंय. थोड्या वेळाने ४७२०, नवीन अकाउंट बनलं. आणि नंतर ११०२, मशीनवरचा लॉग पुसला (त्याची प्रत आधीच दुसऱ्या सर्व्हरवर गेलेली, म्हणून मागचं सगळं दिसतं). सरावलेला सीटीएफवाला हे सगळं भराभर फिल्टर करून दाखवतो. पण आम्ही एकात लॉगसोबत ड्युटीचा तक्तापण दिला होता, आणि एक अकाउंट असं ठेवलं होतं की ज्याचं लॉगिन पहिल्याच फटक्यात झालेलं, फेल वगैरे काही नाही, दिवसाढवळ्या, एकदम सरळ दिसणारं. फक्त तो माणूस त्या दिवशी रजेवर. कमांडमध्ये हुशार असलेले बरेच जण त्या पावसाच्या मागे लागले आणि तिथेच अडकले. आणि एक बाई, रोजचं काम हेल्पडेस्कचं, त्यांनी आधी तक्ता उघडला, नावं लॉगशी ताडून पाहिली आणि शांतपणे उत्तर टाकलं. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "अहो रजेवर असलेल्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे असतो, हे काय आम्हाला नवीन आहे का?" असं चॅलेंज जमलं की मला त्या दिवशी जेवण नाही मिळालं तरी चालतं.

वेळेचं तेवढं सांभाळा. विंडोज लॉगमध्ये वेळ साठवतो यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, पण इव्हेंट व्ह्यूअर हा लॉग बघायचा प्रोग्रॅम दाखवतो मशीनच्या टाइमझोनप्रमाणे, त्यामुळे "किती वाजता" असं मोघम विचारलं की भांडणं नक्की. आणि खऱ्या ऑफिसचा लॉग नावं बदलून वापरू असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, नावं बदलली तरी आयपी म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, मशीनची नावं, कोण कधी येतं-जातं हे सगळं त्यात राहतंच. लॅब उभी करा, स्वतःच हल्ला करा, तो लॉग वापरा. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

टेस्टिंग मात्र ज्याने बनवलं त्याने करायचं नाही. तुम्ही तीन पायऱ्यांचं कोडं रचता, मेमरी डंप (मशीनच्या मेमरीची प्रत), त्यातून चालू असलेला प्रोग्रॅम, त्यातून गुप्त किल्ली, आणि कोणीतरी फाइलवर नुसतं स्ट्रिंग्ज चालवून ग्रेप मारतो, म्हणजे दोन साध्या कमांडनी त्यातला मजकूर काढून शोधतो, की फ्लॅग हजर. चिडायचं नाही, ज्याने काढलं त्याला पॉइंट्स द्यायचे. फ्लॅग प्रत्येक टीमला वेगळा जनरेट करा, म्हणजे एकाचा फ्लॅग दुसऱ्याने टाकला तर लगेच दिसतं.

वेळापत्रकाचं फार लांबवत नाही: पहिली फेरी बरेच दिवस उघडी ठेवायची, प्रत्येकाचं घड्याळ त्याने स्टार्ट दाबल्यावर सुरू. यांना मध्येच मीटिंग लागते, कुठलातरी सर्व्हर बसतो, पगार तिकडून येतो त्यामुळे तिकडे जावंच लागतं. जेवढे जास्त जण सोडवतील तेवढे पॉइंट्स कमी होतात ती डायनॅमिक स्कोअरिंगची पद्धत इथे मला आवडत नाही, आपण काही न करता आपले मार्क खाली का गेले हे समजावत बसावं लागतं.

आणि हो, एआयला विचारून उत्तर काढणं. मशीनला इंटरनेट नसलं तरी बाजूला फोन असतोच, त्यामुळे बंदी घालून फार काही साधत नाही असं माझं मत. त्यापेक्षा दुरुस्तीचे चॅलेंज वाढवलेत. चालू सर्व्हर द्यायचा, त्यात भोक आहे ते बुजवा, आणि आपली स्क्रिप्ट दोन गोष्टी तपासते: हल्ला अजून चालतो का आणि साइट लोकांसाठी चालू आहे का. पुष्कळ जण सर्व्हिसच बंद करून टाकतात. हल्ला थांबला, पण फॉर्मपण कोणाला भरता येईना, मार्क शून्य. यावर दर वेळी वाद होतो आणि मी तो मनापासून घालते.

बक्षिसाबद्दल नियम तपासा, सरकारी माणसाला काय घेता येतं यावर बहुतेक ठिकाणी बंधनं असतात, ट्रेनिंगची जागा दिली तर कोणी आक्षेप घेत नाही. स्पर्धेनंतर मशीन लगेच बंद करू नका, दोनेक आठवडे चालू ठेवा आणि एक सेशन ठेवा ज्यात सोडवणारे स्क्रीन शेअर करून दाखवतील. त्या सेशनला भाग न घेतलेलेच जास्त येतात, कॅमेरा बंद करून, काही न बोलता. पुढच्या वेळी नोंदणीत त्यातली बरीच नावं दिसतात, टोपणनावं काय ठेवायची ते आधीच ठरवून आलेली.