नुसता मधला स्पीकर

तिकीट खिडकीवर आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तसलं काही नाही ना त्यात?" चुंबन आहे का, कपडे कसे आहेत, शिव्या किती आहेत, एवढं कळलं की त्यांचं समाधान होतं. बडोद्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी ड्यूटी मॅनेजर आहे आणि हा प्रश्न मला रोजचाच आहे. मागच्या महिन्यात मात्र एका चित्रपटाने माझी झोप उडवली. हिंदी, प्रेमाचा, रडवणारा. नाव लिहीत नाही, कारण नाव आलं की सगळं भांडण त्या नटावरून होईल आणि माझं म्हणणं बाजूलाच राहील.

दांडिया बाजारात शिकवण्या घेणाऱ्या एक काकू आहेत. माझ्या धाकट्या बहिणीचं गणित त्यांच्यामुळेच सुटलं. परीक्षा संपल्या की त्या मुलांना एक सिनेमा दाखवतात. आठवी ते दहावीची मुलं, चांगल्या तीनचार रांगा भरतात. बुधवारी त्यांचा फोन आला. "अगं, पोस्टरवर यूए 13 प्लस लिहिलंय. माझी सगळी तेराच्या पुढची आहेत, म्हणजे हरकत नाही ना? तू एकदा बघून सांग, मग पैसे भरते."

या आकड्याबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. 'ए' प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांखालच्या मुलाला आत सोडणं हा आमच्यावर गुन्हा आहे, म्हणून आम्ही दारात आधार कार्ड मागतो आणि बापांची बोलणी खातो. यूएचं तसं नाही. 1983 पासून एकच यूए होतं, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सूचना म्हणून. सिनेमाच्या कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने त्याचे 7, 13 आणि 16 असे तीन भाग झाले, पण आजही ती पालकांना दिलेली सूचनाच आहे. त्यावरून आम्ही कुणाला अडवू शकत नाही. कायदा म्हणतो, आईवडिलांनी ठरवावं. आईवडील म्हणतात, सेन्सॉर बोर्डाने ठरवलंय. मुलाला बरोबर घेऊन खुर्चीत बसेपर्यंत घरातल्या कुणीही तो चित्रपट पाहिलेला नसतो.

चित्रपट आमच्याकडे हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाइटने येतो, पण कुलूपबंद. त्याची किल्ली म्हणजे केडीएम. ती एकाच सर्व्हरवर आणि ठरलेल्या मुदतीतच चालते. किल्ली लागली की गुरुवारी रात्री शेवटचा शो सुटल्यावर आम्ही टेस्ट घेतो. सुरुवातीची दहा मिनिटं, मध्यंतर कुठे पडतं ते, सबटायटल, आणि एकेक स्पीकर वेगळा चालवून आवाज. अख्खा चित्रपट कुणी बघत नाही. त्या रात्री काकूंसाठी मी बसले. आमचे प्रोजेक्शनिस्ट, ज्यांना सगळे मामा म्हणतात, तेही थांबले. रिळं जोडण्याच्या काळापासून ते या धंद्यात आहेत. आवाजाचा असा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

काकूंना भीती होती तसलं काहीच नव्हतं. शेवटी एक चुंबन, दोघांच्या मर्जीचं, पाच सेकंदांत संपणारं. शिवी नाही, रक्त नाही. नायिकेचा बाप तिचा जुना शाळेचा डबा धुऊन पुसून पुन्हा फडताळात ठेवतो, तिथे मलाही रडू आलं. भावुक चित्रपटांवर माझा अजिबात राग नाही. तेराचौदाव्या वर्षी अंधारात कुणाला न दिसता रडायला मिळणं ही चांगली गोष्ट आहे.

मग पावसातला प्रसंग आला. नायक महिनाभर तिच्या मागे फिरतोय. रस्त्यात तो तिची स्कूटी अडवतो, हँडल धरतो. व्हायोलिनं चढत जातात, पाऊस चारी बाजूंनी कोसळतो, कॅमेरा त्याच्या भिजलेल्या डोळ्यांवर. सुंदर दिसतं सगळं. ती काहीतरी पुटपुटते. मला वाटलं लाजतेय.

मामांनी मागून विचारलं, "डायलॉग दबतोय का? सेंटर तपासतो." त्यांनी प्रसंग मागे नेला आणि साउंड प्रोसेसरवर बाकीचे सगळे चॅनल बंद केले. संवाद मधल्या, पडद्यामागच्या स्पीकरमधून येतात. संगीत बहुतेक डावीउजवीकडून आणि पाऊस भिंतींवरच्या स्पीकरमधून. मधला एकटा उरला की राहतो तो नुसता माणसांचा आवाज.

रिकाम्या हॉलमध्ये ते ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. "जाऊ दे मला." तिचा श्वास लागलेला. "जाऊ दे ना, प्लीज." किल्ल्या खुळखुळल्या. "हो म्हणेपर्यंत सोडणार नाही." पुन्हा, आता रडवेल्या आवाजात, "जाऊ दे." मामा बूथमधून खाली येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "आ छोकरी तो बीवे छे, बेन." घाबरलीच होती ती. त्या नटीने भीती अगदी खरी वठवली होती आणि मिक्सिंगला बसलेल्या कुणीतरी ती व्हायोलिनांखाली पुरली होती. पुढे तो आजारी पडतो, ती पस्तावून दवाखान्यात धावते, आणि हॉल हमसून रडायला मोकळा होतो.

मुलीने स्पष्ट नाही म्हटल्यावरही तिच्या मागे लागणं 2013 पासून आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे. चित्रपट समग्र परिणाम पाहून तपासावा, असं सेन्सॉर बोर्डासाठीच्या 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. तो परिणाम या एका प्रसंगात पूर्ण उलटा होतो, तरी कुणाला खटकलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी काकूंना सगळं सांगितलं. माझ्या वरिष्ठांना ते आवडलं नाही. मोठं बुकिंग महिन्याच्या टार्गेटमध्ये धरलं जातं, आणि गिऱ्हाईक जेवढं विचारतं तेवढंच सांगावं, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, मग असा नसलेला प्रेमाचा दुसरा कुठला लागलाय, ते सांग." त्या आठवड्यात आमच्या एकाही पडद्यावर नव्हता. "मी नाही आणलं तरी मुलं मोबाइलवर बघणारच," काकू म्हणाल्या. "माझ्यासमोर बघू देत. मी बोलेन त्यांच्याशी." त्यांनी तिकिटं काढली.

रविवारी शो सुटल्यावर मी लॉबीत थांबले होते. एका मुलाने दुसऱ्याच्या सॅकचा पट्टा धरून "हो म्हणेपर्यंत सोडणार नाही" सुरू केलं आणि सगळे हसले. एक मुलगी म्हणाली, "ती नाही म्हणत होती त्याला."

"कधी?" तो मुलगा थांबला. "मी नाही ऐकलं."

तो खोटं बोलत नव्हता, चिडवतही नव्हता. खरंच विचारत होता. मीही पहिल्यांदा कुठे ऐकलं होतं? काकूंनी त्यांना तिथेच बाकांवर बसवून पंधरावीस मिनिटं फार चांगलं समजावलं. त्या मुलाने मान डोलावली, पण जाताना पुन्हा म्हणाला, "पण काकू, ती तसं म्हणालीच नाही."

त्याला आत नेऊन तो प्रसंग नुसत्या मधल्या स्पीकरवर ऐकवावा, असं मला फार वाटलं. दोन मिनिटांचं काम होतं. पण पुढचा शो लागायचा होता, सफाईवाले आत होते, आणि कधी काय चालवलं ते सर्व्हर दर वेळी लॉगमध्ये नोंदवतो. प्रेक्षकांसमोर वेळापत्रकाबाहेर काही चालवलं तर वितरकाला उत्तर द्यावं लागतं, त्यात मामांची नोकरी जाऊ शकते. मी विचारलं असतं तर ते तयार झाले असते, म्हणून विचारलं नाही.

शाळा-शिकवण्यांच्या बुकिंगला शो संपल्यावर दहा मिनिटं हॉल आणि एक प्रसंग पुन्हा ऐकवायची परवानगी द्यावी, असा मेल मी वर पाठवलाय. वितरकाची संमती लागेल, हेही त्यात लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. काकू दर आठवड्याला फोन करून विचारतात, कारण तो मुलगा त्यांना विचारतो.