तिच्या हातात माझी पट्टी होती

मंगळवार, रात्री पावणेएक

झोप येत नाही. शनिवारी मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलेल्या अनुवादित थरारकथेची साठेक पानं उरलीत, पण पुढे वाचवत नाहीये. गोष्ट अशी : बाप कित्येक खून करून तुरुंगात. मुलगी मोठी झालेली, नाव बदलून दुसऱ्या शहरात राहणारी. आणि आता तिच्याच शहरात बापाच्या पद्धतीने खून पडायला लागतात.

पहिला खून पडला आणि माझा संशय थेट तिच्यावर गेला. लेखकाने तसं काही सुचवलंही नव्हतं, ती बिचारी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. ‘खाण तशी माती,’ असं माझ्या मनात उमटलं, आणि तेही आईच्या आवाजात. तेव्हापासून अस्वस्थ आहे.

ही गोष्ट नुसती कल्पनेतली नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या डेनिस रेडरने १९७४ ते १९९१ या काळात दहा खून केले, आणि चर्चमध्ये पदाधिकारी म्हणून मिरवलाही. पोलिसांना पाठवलेल्या एका फ्लॉपीवरून तो सापडला. पण खात्री करायला त्यांनी मुलीच्या जुन्या वैद्यकीय तपासणीतला नमुना मिळवला, तिला पत्ता लागू न देता, आणि डीएनए ताडून पाहिला. २००५च्या फेब्रुवारीत त्याला अटक झाली, आणि तिला ही बातमी दारात उभ्या राहिलेल्या एफबीआयच्या माणसाकडून कळली. म्हणजे बापाविरुद्धचा पुरावा तिच्याच शरीरातून गेला होता. पुढे २०२३मध्ये जुनी न सुटलेली प्रकरणं तपासताना ओक्लाहोमातल्या पोलिसांनी तिची मदत घेतली, आणि ती बापाला तुरुंगात जाऊन भेटली. कुठून आणलं असेल तिने एवढं बळ? मी बराच वेळ छताकडे बघत पडले होते.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणीच ऐकवतात. पापात वाटेकरी व्हाल का, असं त्याने घरी विचारलं, आणि बायकापोरं नाही म्हणाली. आम्हाला ती तेव्हा कृतघ्न वाटायची. पण वाल्या वारुळात बसला, वाल्मीकी झाला. त्या पोरांचं पुढे काय झालं? त्यांना गोष्टीत नावंसुद्धा नाहीत. ‘वाल्याची पोरं’ म्हणून गावाने त्यांच्या वाट्याला काय दिलं असेल, हे आजवर माझ्या मनात आलं नव्हतं.

कोर्ट नाक्याला जाताना जेलचा तो जुना तट लागतो. एकेकाळचा ठाण्याचा किल्लाच तो. बाहेर मुलाखतीला आलेल्या बायका, कडेवर, हाताशी मुलं. मी रोज तिथून जाते. आज पहिल्यांदा त्या मुलांचे चेहरे बघितले.

आणि ती आठवली. सातवीतली, माझ्या बाकावरची. जमिनीच्या वादात तिच्या वडिलांच्या हातून सख्ख्या भावाचा जीव गेला. ३०२ लागलं, जन्मठेप झाली. आईने मला बजावलं होतं, तिच्या घरी जायचं नाही, डबा वाटून खायचा नाही. डबा मी चोरून खायचे, तिच्या आईची लसणाची चटणी फार छान असायची. तेवढाच काय तो माझा धीटपणा.

एकदा मधल्या सुट्टीनंतर मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला. कुणीतरी त्याच्या दंडात कर्कटक खुपसलं होतं, रक्त आलं होतं. बाई फळ्याकडून वळल्या. काही न विचारता त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग सगळ्या वर्गाने बघितलं. तिने ‘मी नाही’ असंसुद्धा म्हटलं नाही, नुसती उभी राहिली, जणू हे कधीतरी होणारच होतं. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. मामाकडे गेली म्हणाले.

आज ती चाळिशी ओलांडलेली असेल. कुणी काही विचारण्याआधीच अजून तशीच उभी राहत असेल का?

मला माहीत होतं, ती नव्हती. आम्ही दोघी वहीत समास आखत होतो. तिच्या एका हातात पेन्सिल होती, दुसऱ्या हातात माझी पट्टी होती. मी खाली बघत बसले.