बिल्ड संपला की विंडो गायब

आमची टीम महापेला बसते. कोड ईमॅक्स या एडिटरमध्ये लिहितो; त्यात पडद्याच्या प्रत्येक कप्प्याला विंडो म्हणतात. बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवायचं काम, चालवायला एका सीनियरने ईमॅक्सच्याच ईलिस्प भाषेत लिहिलेलं छोटं पॅकेज वापरतो. ठाण्याला घरून काम करणारी एक सहकारी सारखी सांगत होती, "अगं, बिल्ड संपला की माझी खालची विंडोच उडते. टेस्टची फाइल तिथेच उघडी असते." सीनियरचं उत्तर ठरलेलं: "माझ्याकडे तर चालतंय." तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद. या वाक्यावर तिकीट बंद करणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय आहे.

परवा ते तिकीट मी मागून घेतलं. माझ्या डेस्कवरही काही होईना. कंट्रोल-एक्स २ ने फ्रेममध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या अख्ख्या चौकटीत, वर-खाली दोन विंडो केल्या, बिल्ड चालवला. बिल्डची नोंद दाखवणारा लॉग उजवीकडे नव्या विंडोत उघडला, संपल्यावर बंद झाला. मग आठवलं, तिच्याकडे वेगळा मॉनिटर नाही. मी माझ्या मॉनिटरची केबल काढली. लॅपटॉपच्या पडद्यावर तोच बिल्ड: लॉग खालच्या विंडोत, टेस्टच्या फाइलच्या जागी आला आणि संपताना ती विंडोच घेऊन गेला.

ईमॅक्सला विंडोची रुंदी विचारली: १४२ कॉलम, म्हणजे ओळीत तेवढी अक्षरं. मॉनिटरवर २१२ होती. तिथेच उलगडा झाला. बफर, म्हणजे उघडलेला मजकूर, विंडोत दाखवायचं काम ईमॅक्सची डिस्प्ले-बफर ही कमांड करते; ती दर वेळी नवी विंडो करतेच असं नाही. फ्रेममध्ये एकाहून जास्त विंडो असताना, ८० ओळींपेक्षा कमी उंच विंडो वर-खाली दुभागत नाही. उजवीकडे नवी विंडो काढायला स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्ड या सेटिंगप्रमाणे किमान १६० कॉलम लागतात. तेवढीही जागा नसेल आणि फ्रेममध्ये दुसरी विंडो असेल, तर ईमॅक्स तीच वापरतो. पॅकेज मात्र शेवटी डोळे झाकून डिलीट-विंडो ही विंडो बंद करणारी कमांड चालवत होतं.

वाईट याचं वाटतं की ईमॅक्स याची नोंद स्वतःच ठेवतो. ही विंडो या बफरसाठी नवी केली की असलेलीच वापरली, आधी तिथे कोणता बफर होता, कर्सर कुठे होता, सगळं विंडोच्या क्विट-रिस्टोअर या पॅरामीटरमध्ये असतं. वाचायचे कष्ट तेवढे घ्यायचे. मी डिलीट-विंडोच्या जागी ही नोंद वाचणारं क्विट-रिस्टोअर-विंडो टाकलं. आता नवी विंडो असेल तर बंद होते, जुनी असेल तर तिच्यात फाइल परत येते. तिने संध्याकाळी माझ्या बदलांची ब्रँच घेऊन पाहिली आणि थेट फोनच केला.

एक अट मी वरून घातली. बिल्ड चालू असताना कुणी लॉगच्या विंडोत दुसरी फाइल उघडली, तर त्या विंडोला हात लावायचा नाही. सीनियर म्हणतो, पसारा उरतो, काढून टाक. उरू दे. माणसाने तिथे आपलं काम उघडलं की विंडो त्याची. माझा पॅच, म्हणजे हा बदल, त्या अटीपायी रिव्ह्यूत अडकलाय आणि मी ती काढणार नाही. मात्र त्या माणसाने फाइल पाहून लॉग परत तिथेच आणला, तर विंडो कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.